खोटा ठरवलेला काटा

मित्रांनो, ज्याला खोटा म्हणून खिळ्यावरून उतरवलं आणि माळ्यावर डांबलं, तो जुना स्प्रिंगकाटा मी. पितळी तबकडी, एक सुई, खाली लोखंडी आकडा आणि पोटात स्प्रिंग, एवढाच माझा संसार. माझे भाऊबंद दिल्लीच्या गल्ल्यांतून भंगारवाल्यांबरोबर हिंडतात. मी मात्र विमानात चढणारं सामान तोललं आहे.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते सदर बाजारातलं दुकान. तिथे सूर्यकांत आला आणि त्यानं पिशवीतून स्वतःचं किलोचं माप काढून माझ्या आकड्याला लावलं.

"भरोसा नहीं है, सरजी?" दुकानदार हसला.

"है. इसीलिए तोल रहा हूँ."

मी त्याच क्षणी त्याचा झालो.

सूर्यकांत वायुदलात विमानांची देखभाल करायचा. निवृत्त झाल्यावर बायको चंद्रप्रभा आणि मुलगी रेवती यांच्यासह तो दिल्लीतल्या द्वारका भागात राहू लागला. दर हिवाळ्यात तो तीन आठवडे पापुआ न्यू गिनीला जायचा. तिथल्या डोंगरांत रस्ते नाहीत. एका ख्रिस्ती मिशनची छोटी विमानं औषधं, मीठ, खिळे आणि आजारी माणसं वाहतात. धावपट्टी गवताची, आखूड, आणि तिच्या टोकाला खोल घळ. थोडंसं वजन जास्त झालं तरी विमान वर उठत नाही. म्हणून चढणारी प्रत्येक वस्तू तोलतात. ते काम माझं.

तोलण्याआधी सूर्यकांत माझी सुई शून्यावर आणायचा, तबकडीला टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "शून्य. आता बोल."

मी बोलायचो. तो ऐकायचा. वैमानिक माझ्या शब्दावर उडायचे. मित्रांनो, याहून मोठा मान काट्याला काय असतो?

मग एका वर्षी मिशनच्या दिल्लीतल्या समितीचा सचिव विक्रांत बरोबर आला. सगळं सामान तोलून झालं होतं. सूर्यकांत वैमानिकाशी बोलत होता. विक्रांतनं इकडेतिकडे पाहिलं आणि एक जड पेटी गुपचूप विमानाच्या शेपटीकडे सरकवली. तिच्यात पितळी फलक होते, समितीच्या लोकांची नावं कोरलेले. मी खिळ्यावरून पाहिलं. ओरडायला मला तोंड नव्हतं.

विमान वर उठलं नाही. घळीत गेलं. वैमानिकाचा पाय मोडला. सगळे त्याच्याकडे धावले. विक्रांत घळीत उतरला तो पेटी शोधून लपवायला.

चौकशीत तो हळहळून म्हणाला, "काटा जुना झाला हो. पण सूर्यकांतकाकांना कोण सांगणार?"

सूर्यकांतला पुन्हा बोलावणं आलं नाही. चर्चमध्ये लोक त्याच्याशी फार मऊ आवाजात बोलू लागले. घरी तो आट्याची दहा किलोची सीलबंद थैली मला लावायचा. सुई दहावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा दहावर. "मग चूक कुठे झाली, रेवती?" तो विचारायचा. हाच प्रश्न विचारत दोन वर्षांनी तो गेला. मी माळ्यावर गेलो. तिथल्या अंधारात मी एकच गोष्ट करत होतो: विक्रांतची वाट पाहत होतो.

गेल्या हिवाळ्यात रेवती आणि तिचा नवरा सुधन्वा यांनी तीन आठवड्यांची सुट्टी काढली. सुधन्वा विमानतळावर दुरुस्तीचं काम करतो. त्याच मिशनमध्ये, त्याच धावपट्टीवर जायचं त्यांनी ठरवलं. रेवतीनं मला खाली काढलं, पुसलं आणि सामानात ठेवलं.

निघण्याआधी घरी प्रार्थना झाली. चर्चची मंडळी जमली होती, चहा चालला होता. विक्रांत आला आणि त्यानं एक पेटी जमिनीवर टेकवली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

"छोटीशी भेट आहे, रेवती. चार किलोसुद्धा नाही. नेशील ना?" मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे यार, हा अजून आहे? डिजिटल घ्या ना एखादा!"

"बिल्कुल घेऊ," सुधन्वा म्हणाला. "आज याच्यावरच भागवू."

"तुम्हीच धरा, विक्रांतदादा," रेवती म्हणाली. "म्हणजे शंका नको."

तिनं सुई शून्यावर आणली. टिचकी मारली. पेटी आकड्याला लावली. विक्रांतनं मला उचललं.

सुई अकरावर थांबली.

"बघा!" तो मोठ्यानं हसला. "तेच तर मी म्हणत होतो. खोटा काटा!"

रेवती स्वयंपाकघरात गेली आणि सीलबंद आटा घेऊन आली. पेटी उतरवून तिनं थैली लावली. सुई दहावर. खोलीतले सगळे कप हातातच थांबले. रेवतीनं थैली काढून पुन्हा पेटी लावली.

"चार किलो म्हणालात. त्या वर्षीही अशीच छोटीशी भेट होती का?"

"हात दुखतोय गं."

"खाली ठेवायची नाही. पप्पांनी तुमचं ओझं दोन वर्षं धरून ठेवलं होतं."

"रेवती," चंद्रप्रभा हलकेच म्हणाली, "बाळा, आपण माफ करणारी माणसं."

"करीन ना, आई. पण किती माफ करायचंय, ते आधी तोलून घेऊ दे."

विक्रांतचा दंड थरथरू लागला. मित्रांनो, खरं सांगतो, माझा आकडा निसटावा आणि पेटी त्याच्या पायावर पडावी, असं मला फार वाटलं. पण मग तो कळवळला असता, सगळे धावले असते आणि तो सुटला असता. मी आकडा घट्ट धरला. आयुष्यात इतका घट्ट कधी धरला नव्हता.

रेवती त्याच्याजवळ गेली. "आता बोला."

"मीच ठेवली होती," तो म्हणाला. "काकांचं तोलून झाल्यावर. काटा... काटा बरोबर होता."

कुणी त्याला बसायला सांगितलं नाही. पेटी खांद्यावर घेऊन तो जिन्यानंच उतरला. लिफ्टची वाट पाहायलाही थांबला नाही. चंद्रप्रभानं सूर्यकांतच्या फोटोकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. ते सूर्यकांतनं ऐकायला हवं होतं. तो नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना तेल द्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. कुणाला खोटं ठरवण्याआधी त्याच्या आकड्याला एकदा ओळखीचं वजन लावून पाहा. आणि माणूस ऐकायला जिवंत असताना पाहा.

पुढचे तीन आठवडे मी धावपट्टीवरच्या माझ्या जुन्या खिळ्यावर होतो. रोज सकाळी रेवती टिचकी मारायची आणि म्हणायची, "शून्य. आता बोल." ती सांगते, तिनं विक्रांतला माफ केलं. केलं असेल.

माझी सुई शून्यावर येते. मी अजून आलेलो नाही.