आता तुम्ही म्हणा

गुड मॉर्निंग, सर.

पेन्सिल आण, फीत अडकली.

गरम पाणी फक्त सकाळी येतं.

हाऊ वॉज युवर जर्नी?

उठा बाबा, धरलंय मी.

आय एम फाइन, थँक यू.

खट्.

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. वरचं सगळं मी बोललेलं किंवा ऐकलेलं आहे. माझी फीत मधेमधे चुरगळली आहे, म्हणून ते असं विस्कटून बाहेर येतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कॅसेट पाहिलीही नसेल. तळहाताएवढी चपटी डबी, आत दोन दातेरी चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत; ती अडकली की चाकात पेन्सिल घालून फिरवतात. मला दोन बाजू आहेत. एक संपली की कुणीतरी मला बाहेर काढून उलटं घालावं लागतं. ते मला स्वतःला जमत नाही. एवढं लक्षात ठेवा.

माझ्यावर रोजच्या वापरातलं इंग्रजी आहे. एका बंद खोलीत एका बाईंचा आवाज माझ्यात भरला गेला. बाई आधी मराठीत वाक्य सांगतात, मग तेच इंग्रजीत, मग म्हणतात, "आता तुम्ही म्हणा." आणि थांबतात.

 

अशा. ही मोकळी जागा शिकणाऱ्यासाठी. तिच्यात कुणी काय म्हटलं ते माझ्यावर उमटत नाही. कुणी चुकलं तरी बाई पुढं जातात. कुणी रडलं तरी पुढं जातात.

पहिल्या बाजूला ओळख, स्वागत, विचारपूस, आभार. दुसऱ्या बाजूला आजारपण, डॉक्टर, निरोप.

मला विकत घेतलं ते स्टेशनसमोरच्या लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या एका माणसानं. परदेशी पाहुणे येऊ लागले होते आणि नुसतं हसून किल्ली देणं चालणार नाही, असं मालकानं बजावलं होतं. ते रोज दाढी करताना मला लावत. गालाला फेस, हातात रेझर, आणि मोकळी जागा आली की आरशाकडे बघून अदबीनं म्हणत, "हाऊ वॉज युवर जर्नी?"

"प्रवास छान झाला," त्यांची बायको स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. "तेल तेवढं संपलंय. येताना आणा, साहेब."

"इंग्रजीत सांग."

"तुम्ही इंग्रजीत आणलंत तरी चालेल."

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "आय एम फाइन, थँक यू." मी बरा आहे, आभारी आहे. पाहुण्यानं "हाऊ आर यू?" विचारलं की ते ताठ बसून हे म्हणत. बसून बसून पाय सुजलेले असले तरी हेच, मालक ओरडून गेलेला असला तरी हेच. एकदा मालकानं सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन मला मऊ फडक्यानं पुसलं.

दुसरी बाजू घरात कधीच लागली नाही. "लॉजवर आजारी पडायला कोण येतंय?" ते म्हणायचे.

मग इंग्रजी तोंडात बसलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेले, जुन्या ब्लेड आणि बिनकुलपाच्या किल्ल्यांशेजारी. नोकरी संपली. बायकोही गेली. तिचा आवाज येईनासा झाला, त्यावरून मला कळलं.

एका सकाळी त्यांच्या अंगाची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. लेक नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहायला आली. ड्रॉवर आवरताना तिला मी सापडले. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून तिनं मला टेपमध्ये घातलं. बाई बोलू लागल्या. मी बरा आहे, आभारी आहे. आय एम फाइन, थँक यू. आता तुम्ही म्हणा.

"आय एम फाइन, थँक यू," पलंगावरून स्वच्छ आवाज आला.

लेकीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. घोकलेलं कधीकधी उरतं. कॅसेट लावत राहा, ऐकून ऐकून आणखी वाक्यं येतील. तेव्हापासून माझी पहिली बाजू रोज वाजू लागली. शेजारीण मुद्दाम यायची. "काका, हाऊ आर यू?" ते उत्तर द्यायचे. "बघ गं, आपल्यापेक्षा काकाच फाइन आहेत," ती म्हणायची आणि दोघी हसायच्या. माझं इतकं कौतुक कधीच झालं नव्हतं.

पण मित्रांनो, मी पलंगाला लागून होते. लेक त्यांना उठवताना त्यांचा लुळा हात धरून ओढायची. तिला दुसरी रीत कुणी दाखवली नव्हती. खांदा निखळल्यासारखा खाली लोंबायचा आणि चेहऱ्याची जिवंत बाजू आवळली जायची. ते डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून तिच्याकडे बघायचे.

"होईल बाबा, हलेल हळूहळू तो हात," ती म्हणायची. एकदा तिनं विचारलंही, "दुखतंय का?"

त्यांनी ओठ जुळवले, मान हलवली. मान हो आणि नाही यांच्या मधेच कुठंतरी अडकली. तोंडातून आलं, "आय एम फाइन, थँक यू."

मी टेपमध्येच होते. त्यांना हवं ते वाक्य माझ्या पाठीवर होतं.

एका दुपारी पहिली बाजू संपली आणि बटण खट् करून वर आलं. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी डाव्या हातानं टेपचं झाकण उघडलं, मला बाहेर काढलं, उलटं केलं. परत बसवायला गेले, पण माझा कोपरा कडेला अडकला. मग त्यांनी मला तसंच उलटं तिच्यापुढं धरलं.

"कंटाळलात ना? पुरे आजच्यापुरतं," लेक म्हणाली. तिनं मला प्रेमानं डबीत घातलं आणि फळीवर ठेवलं. ते डबीकडे बघत राहिले. खूप जोर लावून त्यांनी तोंड उघडलं.

"आय एम फाइन, थँक यू."

"शाबास, बाबा."

आता मी फळीवर असते. रोज सकाळी ऐकते, "उठा बाबा, धरलंय मी." मला हात नाहीत, आणि टेपशिवाय आवाजही नाही. म्हणून तुम्हालाच विनवते. घरातली जुनी वस्तू संपली असं वाटलं तर तिला एकदा उलटून बघा. आणि कुणी बरं आहे म्हणालं, तर तिथून लगेच उठू नका.

मला घेतलं त्या दिवशी दुकानदारानं चुकून आधी दुसरी बाजू लावली होती, आणि "मला इथं दुखतंय, इट हर्ट्स हिअर" हे वाक्य त्यांनी मोकळ्या जागेत एकदा हसत हसत म्हटलं होतं.