वडगावचं केंद्र

एके काळी देशभर दबदबा असलेली सॉफ्टवेअर कंपनी गटांगळ्या खात होती. तिला वर काढायला यशोधराला आणलं, तेव्हा पहिल्याच भाषणात तिनं ठणकावलं, "यापुढे आडवळणाचं बोलणं बंद. जे आहे ते तोंडावर सांगायचं." टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवायला काय जातंय!

पुढं ती ढोरासारखी राबली. तोट्यातली उत्पादनं मोडीत काढली, संचालकांच्या लाडक्या माणसांना घरी बसवलं, रुसून गेलेली गिऱ्हाइकं हातापाया पडून परत आणली. तरी भगदाड बुजेना. शेवटी लोणावळ्याच्या हॉटेलात, बाहेर धुकं आणि आत गरम भजी अशा थाटात, संचालकांनी ठरवलं: वडगावचं केंद्र बंद. घोषणा महिनाअखेरीस, तोवर तोंडाला कुलूप. यशोधरानं मान डोलावली. दुसरा मार्ग तिलाही दिसत नव्हता, आणि तेच तिला सलत होतं.

हॉटेलातून तिचं गाव कुरवंडं जवळच. आईला भेटायला ती गेली, तर ओट्यावर कैलास बसलेला. हा तिचा मावसभाऊ. तिचं बघून संगणक शिकला आणि वडगावच्या केंद्रात लागला.

"ताई, चाकणच्या कंपनीनं बोलावलंय. सोमवारी कळवायचंय. जाऊ का हितंच ऱ्हाऊ? तू म्हणशील तसं."

आपल्याकडे माणूस गेल्याची बातमी कुणी सरळ देत नाही. 'तब्येत जरा जास्त आहे, निघा,' एवढंच म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो आणि गाडीतच रडायला लागतो. तिनंही तेच केलं. संचालकांना शब्द दिलेला होता, शिवाय धीरही नव्हता.

"वडगावची तब्येत बरी नाही रे," ती म्हणाली. "उपचार चाललेत. तू तुझं बघ."

समजला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आणि कैलास काय समजला? उपचार चाललेत! ताई स्वतः उपचार करतेय म्हटल्यावर काळजी कसली? सगळ्या कंपनीपुढं सरळ बोलायचं सांगणारी बाई घरच्याशी आडून कशाला बोलेल? सोमवारी त्यानं चाकणला नकार कळवून टाकला.

महिनाअखेरीस घोषणा करायला ती स्वतः वडगावला गेली. संचालक मेलवर उरका म्हणत होते. तेवढी तरी लाज तिनं राखली. तिचं बोलणं संपलं.

मग कैलासच्या शेजारचा संदेश उठला आणि त्याच्यावरच घसरला. "तू तर मॅडमचा भाऊ! तुला आधीच ठाऊक असणार. आमाला का न्हाई सांगितलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कैलासचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोल बाबा, यशोधरा मनात म्हणाली, सांगून टाक. निदान चार शिव्या तरी घाल मला.

"ठाऊक असतं तर चाकणची नोकरी नाकारली असती का मी?" कैलास म्हणाला. "आन् मॅडमना तरी कुटं ठाऊक व्हतं? वरच्यांनी आयत्या वेळी ठरवलं आसंल. त्यांना ठाऊक असतं तर मला सांगितल्याबिगर ऱ्हायल्या नसत्या."

संदेश तिच्याकडे वळला. "खरं का मॅडम?"

यशोधरानं कैलासकडे बघायचं टाळलं.

"हो," ती म्हणाली. "मलाही परवाच कळलं."