जाळीचा स्विच

"एवढासा दिवा लागतोय की नाही, तेवढं बघायला काय डोळे भाड्यानं आणायचे?" कारखान्याचे मालक सर्जेराव पुटपुटले. शालनच्या कानाशी उभं राहूनच, म्हणजे ऐकू जावं म्हणूनच.

धायरीतल्या त्यांच्या शेडमध्ये बारा दिवसांपूर्वी साईनाथची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. प्रेसपुढची जाळी उघडली की मशीन थांबायला हवं. त्यासाठी जाळीवर चुंबक आणि चौकटीवर तो ओळखणारा स्विच. स्विचची जोडणी शालनची. निळी आणि ब्राउन वायर उलटी लागलेली निघाली, स्विचवरचा दिवा लागत नव्हता. झालं, गुन्हेगार सापडला! कबुलीचा कागदही टाइप होऊन आला. सही तेवढी बाकी.

शालन कुठल्या कॉलेजात गेली नव्हती. जळकी पॅनल उकलत शिकली. बारा दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं. चूक तिचीच होती. पण बोटं त्याच चुकीनं गेली का?

"एकदा चालवून बघू, अण्णा. वायर आहे तशीच उलटी राहू दे."

मशीन धडधडायला लागलं. तिनं जाळी उघडली. मशीन थांबलं. परत लावली, परत उघडली. परत थांबलं.

"उलटी जोडली तर फक्त दिवा लागत नाही. स्विच आपलं काम करतो."

"मग त्या दिवशी जाळी उघडी असताना चाललंच कसं?" सर्जेराव बोलून गेले.

उत्तर सगळ्या शेडला पाठ होतं. माल भराभर निघावा म्हणून स्विचला दुसराच एक चुंबक टेपनं चिकटवलेला असायचा. जाळी उघडी असली तरी मशीनला ती बंदच वाटायची. अपघातानंतर तो चुंबक तिथून गायब झाला होता. शालन रोज बघायची आणि रोज दुसरीकडे बघायची. आता बोलावं, तर चिकटवणारा साईनाथ. तो समोरच स्टुलावर बसलेला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. त्याच्यावर ढकलून आपण सुटायचं?

तिनं कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"ताई, ऱ्हाऊ द्या ते," साईनाथ म्हणाला. मग मान वर करून सर्जेरावांकडे बघितलं. "अण्णा, चुंबक मी चिकटवायचो, खरं हाय. पण आणून तुम्ही दिला हुता."