डिश वाढली

अंधेरीच्या लॅबमध्ये श्रुतिकानं पेशींपासून हृदयाचा एक तुकडा तयार केला होता. रुपयाच्या नाण्याएवढा, काचेच्या डिशमध्ये, गुलाबी पाण्यात आपोआप धडधडणारा. अकरा वाजता समिती येणार होती. तुकडा धडधडताना दिसला तर प्रोजेक्ट पुढे चालू, नाहीतर श्रुतिका घाटकोपरच्या क्लासमध्ये अकरावीला बेडूक शिकवणार.

साडेनऊला पवईत रिक्षा अडकली. तिनं लॅब अटेंडंट गुणाजींना फोन लावला.

"काका, डिश बघितली?"

"मॅडम, डिश वाढली."

"अरे वा. किती?"

"सगळीच."

श्रुतिका इंग्लिश मीडियमची. तिच्या मराठीत वजन वाढतं, भाडं वाढतं, पेशी वाढतात. तिनं लगेच लॅबप्रमुख नंदकुमार सरांना कळवलं. सरांनी समितीला कळवलं, 'एका रात्रीत लक्षणीय वाढ.'

ती पोचली तेव्हा गुणाजी सुपलीत काचा भरत होते.

"काका, हे काय?"

"सांगितलं ना, वाढली."

"मग फुटली म्हणायचं ना सरळ."

"आजच्या दिसाक फुटली कसा म्हणू? नारळ वाढवतत, बांगडी वाढता. तसाच."

"आणि तुकडा?"

"तो नाय वाढलो. तो फाटलो."

फरशीवरून चिमट्यानं उचलून गुणाजींनी दोन्ही अर्धे नव्या डिशमध्ये, गुलाबी पाण्यात ठेवले होते. दोन्ही धडधडत होते. एक आधी, दुसरा जरा मागून, अबोला धरलेल्या भावांसारखे.

समितीचे अध्यक्ष अंबादासराव सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिले.

"एकाचे दोन झाले?"

"सर, खरं म्हणजे ते पडून..."

"नम्रता पुरे," अंबादासराव म्हणाले आणि वहीत 'शंभर टक्के वाढ' लिहून समोशाकडे वळले. फरशीवरची बुरशी डिशमध्ये उगवायला दोन दिवस लागतात. समिती तासाभरात गेली.

समितीला गेटपर्यंत सोडून नंदकुमार सर आत आले. "श्रुतिका, प्रोजेक्ट वाढला."

श्रुतिका स्टुलावर बसली. तिनं आधी गुणाजींकडे बघितलं, मग सरांकडे.

"सर, वाढला म्हणजे नक्की काय झालं?"

"अगं, दोन वर्षांनी वाढला. फक्त पुढच्या वेळी चार दाखवा म्हणाले."

गुणाजींनी कपाटातून काचेची नवी डिश काढली, हातात तोलून बघितली.

"चार होये तर मॅडम," ते म्हणाले, "आणखी एक वाढवूक लागतली."