मुंगीचा कौल

समोवारचं झाकण खडखडलं. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून उस्ताद नखई दचकले.

"काय झालं?"

"चहा, उस्ताद."

माझ्या लेकीला, हुस्नाला, आत्ताच कुठे दुपारची झोप लागली होती, म्हणून माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा स्वयंपाकघरातून चालली होती. फोनवर दोन परीक्षक, आणि गाडी एका मुंगीवर अडलेली. कुराणातली मुंगी. हजरत सुलेमानांचं सैन्य येताना पाहून ती म्हणते, घरात शिरा गं, नाहीतर त्यांच्या नकळत चिरडल्या जाल. तिच्या बोलण्याला मी 'बोधकथेचं रूप' म्हटलं होतं. ते टिकलं तर पदवी, नाहीतर हुस्नाच्या झोपांमधून चोरून लिहिलेलं सगळं पाण्यात.

"न मानणारे कुराणाला 'जुन्यांच्या दंतकथा' म्हणून हिणवायचे," नखई म्हणाले. "खानम, तुम्ही त्यांच्याच गालिच्यावर जाऊन बसलात."

"कथेचं रूप असलं म्हणून अर्थ खोटा होतो का?" डॉ. बहजती कडाडल्या. "तुमच्या लग्नपत्रिकेवर बुलबुल होता. म्हणून काय नवरा खोटा होता?"

"ते माझ्या बायकोला विचारा."

तोडगा निघेना. मग आमच्या कोम शहरात करतात तेच केलं, इस्तिखारा. बहजतींनी दुसऱ्या फोनवरून हाजीआगा या मौलवींना गाठलं. मनातला प्रश्न सांगायचा नसतो. ते कुराण उघडून कौल देतात. पण त्यांना येणारे बहुतेक फोन लग्नाचेच.

"कौल मध्यम," हाजीआगा म्हणाले. "मुलगी चांगली आहे. मुलाला घर आहे का?"

"चांगली म्हणाले!" बहजती.

"घर नाही म्हणाले!" नखई. "म्हणजे मुंगीचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहा."

"आहे का, असं विचारलं त्यांनी!"

शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "एका वाक्यात सांगा, खानम. मुंगी बोलली की नाही? त्यावर सही."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मांडीवर ऊब चढून बसली. हुस्ना. केस घामानं चिकटलेले, गालावर उशीची घडी. रोज झोपताना ती हीच गोष्ट मागते, आणि मुंगीचं ऐकून सुलेमान हसतात, तिथे तिचा डोळा लागतो. आज मात्र ती टक्क जागी होती.

"आई, मग सगळ्या मुंग्या घरी पोचल्या का?"