ओढ्यावरची शीळ

पावसात भिजून, पायाच्या जळवा काढून आणि एसटीची वाट बघून पवित्रा आता पुरती कंटाळली होती. कोल्हापुरातल्या एका संस्थेसाठी ती चंदगडच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर आवाज टिपणारा डबा सांभाळायची. जांभळाला बांधलेला हिरवा डबा, पोटात मेमरी कार्ड. रानात जे काही ओरडेल ते तो गिळून ठेवी. सगळी धडपड शीळकरी कस्तूर नावाच्या पक्ष्यासाठी. माणसाने शीळ घालावी तसा गाणारा हा पक्षी दोन पावसाळे गप्प होता. यंदाही गप्प राहिला, तर ओढ्यावर तो उरला नाही असे लिहून डबा काढायचा, असे ठरले होते. इतके हाल सोसून हाती नुसते ‘नाही’ यावे, हे पवित्राला सहन होत नव्हते.

त्यात पावसाळा सरता सरता या महिन्याच्या कार्डाने कमाल केली. संगणकाने पहाटेच्या शिळाच शिळा शोधून काढल्या आणि प्रत्येकीपुढे कस्तुराचे नाव ठोकून दिले. ऑफिसात पेढे आले. पवित्राने मात्र हेडफोन लावून नीट ऐकले. एक शीळ जवळची, तिच्यामागे घसा खाकरल्याचा आवाज. मग लांबून दुसरी, तिच्यामागे बांगड्यांची किणकिण. कस्तूर काही बांगड्या भरत नाही. यंत्र हुशार खरे, पण त्याला एवढे कोण सांगणार! हातातला पेढा तिने परत खोक्यात ठेवला.

पुढच्या खेपेला ती उजाडता उजाडता ओढ्यावर पोचली, तर शेजारच्या वाडीतले जोतीराममामा म्हशी घेऊन उभेच. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली, पण चेहरा उजळलेला.

“आलं की गं पोरी, तुजं पाखरू!” ते लांबूनच ओरडले. “मी शीळ घातली की पल्याडनं जवाब देतंय. थांब, ऐकच.”

त्यांनी ओठांचा चंबू करून लांब, वळणावळणाची शीळ घातली. मग घसा खाकरला. थोड्या वेळाने पलीकडच्या काजूंतून तशीच शीळ आली, मागोमाग बांगड्यांची किणकिण. पवित्राने निरखून पाहिले. काजूच्या बुंध्याशी धोंडुबाई उभी होती, पल्याडच्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, मान वर, डोळे झाडाच्या शेंड्यावर. तीही पाखरूच शोधत होती.

पवित्राला एकदम रडू आले. दोघांना हाक मारून खरे सांगावे असे वाटले. पण तेवढे बळ तिच्यात उरले नव्हते, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद पुसणारी ती कोण? तिने मोबाइलमध्ये नोंद उघडली, संगणकाने धरलेल्या सगळ्या शिळा रद्द केल्या आणि ‘पक्षी नाही’ असे लिहिले. मग ती जांभळाला बांधलेला डबा सोडायला लागली.

“अगं, डबा का सोडतीस?” मामांनी विचारले.

“पाखरू आलं न्हवं का, मामा. माझं काम झालं.”

“व्हय, ते बी खरंच.” मामा हसले. “पर डबा न्हाय म्हणून यायची थांबू नगंस. दमलीस की नुसती ऐकायला येत जा. ते आता कुठं जातंय?”