बिनकवाडे

मित्रांनो, मी एक जुनं आडनाव आहे. बिनकवाडे! हसलात ना? हसा, मला सवय आहे. पाटलांना कोणी हसत नाही, कारण ते पावलोपावली भेटतात. मला मात्र दिवा घेऊन शोधावं लागतं.

माझा जन्म निजामाच्या काळात, देगलूरजवळच्या एका खेड्यात झाला. गावात पटकीची साथ आली होती. आजाऱ्यांना तालुक्याला न्यायला कोणी आपली खाटसुद्धा देईना. तेव्हा मडिवाळप्पा नावाच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या घराचं सागवानी कवाड उचकटून काढलं, आणि त्यावर माणसं निजवून खांद्यावरून नेली. साथ सरली, पण कवाड त्यानं पुन्हा बसवलं नाही. "अडल्या माणसाला दारात थांबाया लागू न्हाई," म्हणायचा. लोक त्या घराला बिनकवाड्यांचं घर म्हणू लागले. मला याचा फार अभिमान आहे.

पण माझा वेल मांडवावर काही चढला नाही. एक घर निजामाबादेकडे गेलं आणि तिकडचंच झालं. दुसऱ्या घरची पोरं लातूरला शिकवणीला गेली. तिथं सोबती रोज ओरडायचे, "ए, कवाड लाव!" शेवटी बापानं कंटाळून देगलूरकर हे नाव घेतलं. उरले हणमंतराव, त्यांची बायको गुणाबाई आणि एकुलती एक लेक उज्वला. तिचं लग्न झालं की माझा कारभार आटोपणार होता.

ते लग्न या वैशाखात लागलं. नवरा चाकूरचा, गुरुलिंग पाटील. अक्षता पडल्यावर मांडवातच तांदळाचं ताट समोर आलं. त्यात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. उज्वलानं त्याला आधीच सांगितलं होतं, की नाव तेच राहील. गुरुलिंगनं लिहिलं, 'उज्वला बिनकवाडे'.

त्याची आई नीलाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तळहातानं तांदूळ सारखे केले. "हे माहेरात ठिवून यायचं. आमच्या घरात पाटलीण पायजे."

गुरुलिंग मान खाली घालून बसला. हणमंतराव हात जोडून उठले. "लिवा तुमच्या मनासारखं, ईहीणबाई. नावापायी पोरीचा संसार मोडाया नगं."

जन्मभर मला मिरवणारा माणूस मला सोडून देत होता. मला त्यांचा राग आला नाही. बापाच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

उज्वलानं नवऱ्याच्या हातातून अंगठी घेतली आणि स्वतः मला लिहिलं. नीलाबाईंनी पुन्हा पुसलं. वरपक्षातून कोणीतरी म्हणालं, "असं असंल तर न्या पोरगी परत!" गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

उज्वलाचा आवाज चढला नाही. "आत्याबाई, तुमचं माहेरचं आडनाव काय वो?"

नीलाबाईंचा हात ताटावरच थांबला. "तुला काय करायचंय?"

"सांगा की."

नीलाबाईंनी हात मागे घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "कंदिलवार."

गुरुलिंगनं मान वर केली. "आई, तुझं माहेर मी कधी बघितलंच न्हाई. मला नाव बी म्हाईत नव्हतं."

"कुणी इचारलं हुतं?" नीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्या उज्वलाशेजारी मांडी घालून बसल्या. ताट तिच्याकडे सरकवत म्हणाल्या, "लिव तुझं. आन् खाली माझं बी लिव."

मित्रांनो, त्या दिवशी मी आणि कंदिलवार एका ताटात शेजारी शेजारी होतो. तुम्ही घरी गेलात की आईला, आजीला तिचं माहेरचं आडनाव विचारा. ते ऐकून हसू नका, ते कुठून आलं तेही विचारा. ती कधीपासून कोणी विचारायची वाट बघत असेल.